एफ नाइन आणि माझे चौदा महिने

माझ्या मनगटांनी संप पुकारला तेव्हा नोकरीची तीस वर्षं भरायला चौदा महिने उरले होते. एकोणतीस वर्षं मुकाट्याने टाइप करणाऱ्या मनगटांना एवढं साधं कळू नये का, की आणखी चौदा महिने कळ काढली असती तर पुढे जन्मभर दुखायला मोकळीक होती. तीस भरले की पूर्ण पेन्शन. एक दिवस आधी बाहेर पडलं तर जे हातात पडतं त्यात, माझा नवरा ओरेस्ट म्हणतो, एक मांजर पोसता येईल, तेही खाण्यात लक्ष नसलेलं.

मी वर्ना स्टेलमाख. विनिपेगच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की माइकमध्ये बोलतात आणि ते बोलणं टाइप करून रिपोर्ट बनवणं हे माझं काम. या शहरातली निम्मी पित्ताशयं माझ्या बोटांखालून गेली आहेत. आम्ही तळघरात एक्केचाळीस बायका होतो. मग डॉक्टरांचं बोलणं ऐकून आपलं आपणच टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं आणि आम्ही सहाजणी उरलो. आमचं काम आता त्या सॉफ्टवेअरच्या चुका दुरुस्त करणं. पूर्वी आम्हाला टायपिस्ट म्हणत, आता संपादक म्हणतात, आणि आम्हाला एकेकीला घरी बसवून काम देतात, म्हणजे वीजसुद्धा आमचीच.

तर मनगटं गेली. दोन्ही हातांना पट्ट्या लागल्या, ज्यात हात उलथन्यासारखा ताठ राहतो. मग वरून फर्मान आलं की वर्नाने दुरुस्त्या बोलून कराव्यात, आणि त्यासाठी तिला तेच सॉफ्टवेअर द्यावं. म्हणजे ज्याने माझ्या पस्तीस मैत्रिणींच्या नोकऱ्या खाल्ल्या, त्याच्याच पाया पडून मी माझी वाचवायची. बारा आठवड्यांची मुदत, दिवसाला चाळीस रिपोर्ट. नाही जमलं तर 'दुसऱ्या योग्य कामाचा विचार' करण्यात येईल. आमच्याकडे आजवर सातजणींच्या दुसऱ्या योग्य कामाचा विचार झाला आहे, आणि सातहीजणी बिनपगारी घरी आहेत.

पहिल्याच दिवशी असं लक्षात आलं की माइक चालू-बंद करायचं बटण म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाला आकड्यांची चौकट असते, तिच्यातलं अधिकचं चिन्ह. रुग्णालयाने दिलेल्या लॅपटॉपला आकड्यांची चौकटच नव्हती. मी संगणक विभागाला फोन केला. ते म्हणाले, बटण बदलता येतं, पण परवानगी लागते. परवानगीला चार पानी अर्ज. अर्ज स्वहस्ताक्षरात भरायचा. कारणाच्या रकान्यात मी 'हात चालत नाहीत' असं लिहिलं, आणि ते वाचून त्या विभागाने विचारलं की मग अर्ज कोणी भरला. तेव्हा सोबत डॉक्टरचं पत्र जोडा असं ठरलं.

माझे डॉक्टर प्रेंडरगास्ट. चांगला माणूस आहे, पण बोलताना खात असतो, किंवा खाताना बोलत असतो. अकरा वर्षं मला व्हेरा म्हणतो. त्यांनी माझ्याबद्दलचं पत्र माइकमध्ये सांगितलं, सॉफ्टवेअरने ते टाइप केलं आणि दुरुस्तीसाठी ते येऊन पडलं माझ्याच रांगेत. आता, स्वतःची फाइल स्वतः उघडायची नाही असा आमच्याकडे कडक नियम. पण ती उघडल्याशिवाय आपली आहे हे कळणार कसं? मी उघडली, पाहिली, बंद केली आणि नियम मोडल्याचा खुलासा आमच्या मॅनेजरकडे, म्हणजे कँडेस वीबेकडे पाठवला. खुलाशाचाही अर्ज होता. शेवटी ते पत्र माझी मैत्रीण फिलिस शार्ट्राँ हिने दुरुस्त केलं. फिलिस आणि मी एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. तळघरात बावीस वर्षं आमची टेबलं चिकटून होती, आता आम्ही फोनवर चिकटून असतो.

"अगं, तुझी मनगटं त्यांनी गुडघे म्हणून सांगितलीत," फिलिस म्हणाली. "दोन्ही वेळा. मी बदललं, नाहीतर तुला बटण नाही, काठी मिळाली असती."

आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसता येत होतं.

या सगळ्यात बारातले तीन आठवडे गेले. परवानगी आली, आणि माइकचं बटण मला हव्या त्या जागी लावायची मुभा मिळाली. मुभा मिळाली की सल्ले येतात. शेजारचे हाल्डोर ब्यार्नासन बर्फ काढायचं फावडं टेकवून आत आले. हे गृहस्थ विनिपेग सरोवरातल्या मासेमारी बोटींना वायरलेसवरून हवामान सांगायचे. त्यांचं म्हणणं, चालू-बंद वगैरे भानगड नकोच. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. बोलताना माणसाला कष्ट पडले पाहिजेत, म्हणजे तो कमी बोलतो, असा त्यांचा सिद्धान्त. स्वतः ते आमच्याकडे दोन तास बसले, कॉफी तीनदा झाली. मी दोन दिवस बटण दाबून धरलं. तिसऱ्या दिवशी उजवा अंगठा गेला आणि पट्टी अंगठ्यापर्यंत वाढली.

मग ओरेस्टने तोंड उघडलं. ओरेस्टने एकतीस वर्षं शहरात बस चालवली आहे, त्यामुळे जगातले सगळे प्रश्न पायाने सुटतात असं त्याला वाटतं. "पायाला काम दे ना," तो म्हणाला. आणि मला मान्य करावं लागेल की या एका बाबतीत तो शहाणा निघाला. पूर्वी टेपच्या जमान्यात आवाज मागे-पुढे करायला आमच्या टेबलाखाली पायाने दाबायची पट्टी, पायपट्टी, असायची. माझी जुनी पायपट्टी आमच्या घरच्या तळघरात बीटच्या लोणच्याच्या बरण्यांमागे निघाली. लॅपटॉपने तिला बटण म्हणून ओळखलं. एकदा दाबलं की माइक चालू, पुन्हा दाबलं की बंद. माझा पाय आनंदाने कामाला लागला. चार दिवस मला वाटलं की मी जिंकले.

पाचव्या दिवशी पारा उणे चौतीसला गेला. अशा दिवसांत मी घरात दोन लोकरी मोजे आणि वर फेल्टचे जोडे घालते. हे जोडे एवढे जाड की पायाखाली पट्टी आहे का बिस्कीट आहे, कळत नाही. पट्टी एकदा दाबली की दोनदा, हे तर देवालाच ठाऊक. त्याच सकाळी ओरेस्टने गाडीचं इंजिन रात्रभर गरम ठेवणारी वायर प्लगला लावली नव्हती असा शोध लागला. गाडी दगड झाली होती. आम्ही त्यावर बोललो. म्हणजे जरा जास्त बोललो. ओरेस्ट दार आपटून गेल्यावर मी पडद्याकडे पाहिलं, तर एका एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांच्या हर्नियाच्या रिपोर्टात दीड पान मजकूर नवा होता.

त्या सॉफ्टवेअरला फक्त माझा आवाज शिकवलेला. त्यामुळे ओरेस्टचं एक अक्षर त्यात नव्हतं. "नाही. नाही. मी असं म्हटलंच नव्हतं. तुझी आई. बरं. मग गाडीशीच लग्न करायचं होतंस. काय. पुन्हा म्हण." असं दीड पान. सवयीप्रमाणे मी आधी विरामचिन्हं सुधारली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही बाई मी आहे. आपलं भांडण अर्धंच वाचायला मिळणं वाईट असतं. त्या अर्ध्यात मी कुठेच बरोबर वाटत नव्हते. मी सगळं पुसलं, आजोबांचा हर्निया जागेवर बसवला आणि फेल्टचे जोडे काढून पायपट्टीवर फक्त मोजे ठेवले. बोटं गारठली, पण कळायला लागलं.

तिथून मी इरेला पेटले. एवढे हाल झालेच आहेत तर सगळा कीबोर्ड माझ्या मनासारखा करून घेते, म्हटलं. एका बटणात एक अख्खं वाक्य, एका बटणात एक अख्खी दुरुस्ती. एफ थ्री दाबलं की 'पेशंटला कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही.' एफ फोर दाबलं की पुढच्या रिकाम्या जागेवर उडी. एफ सिक्स दाबलं की रिपोर्टातलं सगळं डावं उजवं होतं आणि उजवं डावं. ते मी खास प्रेंडरगास्टसाठी केलं होतं, आणि दिवसातून चारदा तरी लागायचं. एकोणतीस वर्षांत डॉक्टर लोक कुठे घसरतात ते मला पाठ होतं. ती सगळी पाठांतरं मी बटणांत भरली. दोन-दोन बटणांच्या जोड्या धरून दोनशे बारा झाली. गोधडी शिवावी तशी मी ती शिवली.

आता एफ नाइन. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एफ नाइन म्हणजे रिपोर्ट संपला. बावीस वर्षं डॉक्टर काय, आम्ही काय, रिपोर्ट संपला की एफ नाइन दाबत आलो. गेल्या वर्षी नवा प्रोग्रॅम आला आणि ते काम एफ ट्वेल्व्हला गेलं. का गेलं, विचारू नये. एफ नाइन मोकळं पडलं. पण बोटांना कोण सांगणार? अख्खं रुग्णालय अजून आधी एफ नाइन दाबतं, काही होत नाही, मग एक शिवी घालतं, मग एफ ट्वेल्व्ह दाबतं. मीही तीच. तेव्हा म्हटलं, दाबलंच जातंय तर बिचाऱ्याला काही काम द्यावं. मी त्याच्यात एक मजकूर भरला:

'डॉक्टर, हे मी चार वेळा ऐकलं. तुम्ही तोंडात घास घेऊन बोलता. ज्याच्याबद्दल बोलताय तो माणूस आहे. निदान त्याचं नाव तरी एकदा नीट घ्या.'

एकदा दाबलं की हे रिपोर्टाखाली उमटायचं. दुसऱ्यांदा दाबलं की पुसलं जायचं. दोन सेकंद ते पडद्यावर असायचं. तेवढं मला पुरायचं. माणसाला एवढं तरी असावं. प्रत्येक रिपोर्टाखाली मी ते वाचायची, पुसायची आणि हलक्या मनाने एफ ट्वेल्व्ह दाबायची.

बाराव्या आठवड्यात माझे दिवसाला एक्कावन्न रिपोर्ट होत होते. धडधाकट फिलिसचे त्रेचाळीस. कँडेस वीबेने मला पडद्यावर भेटायला बोलावलं. कँडेस माझ्या धाकट्या पुतणीच्या वयाची. कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नाही. ती म्हणाली की माझी नोकरी सुरक्षित आहे, आणि ही बटणं कशी बसवली ते पाहून ती थक्क झाली आहे, आणि मी ती इतरांना देईन का. त्या संचाला ती माझं नाव देणार होती. स्टेलमाख संच.

मी फिलिसला सांगितलं. फिलिस म्हणाली, "देऊ नकोस. आपल्याकडून घेतात ते आपल्यासाठी कधी घेतात का?" मला वाटलं, एक्कावन्न झोंबतायत हिला. एकोणतीस वर्षांत या रुग्णालयाने माझ्याकडे स्टेपलरशिवाय काही मागितलं नव्हतं, आणि आता माझ्या नावाचा संच निघत होता. मी हुरळले. 'सगळे निवडा' असं एक बटण असतं, ते दाबलं आणि पाठवून दिलं. ओरेस्टने त्या संध्याकाळी बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी उकडल्या, आणि हाल्डोरही आले, न बोलावता.

नवव्या दिवशी फिलिसचा फोन. "अगं, एफ नाइनला काय लावून ठेवलंयस? माझ्या रिपोर्टखाली डॉक्टरांची हजामत चाललीय." ती हसत होती. मीही हसले. पुन्हा दाब, पुसलं जाईल, म्हटलं. मग ती सहज म्हणाली की बरं झालं मला कळलं, डॉक्टरांना कोण सांगणार.

"डॉक्टरांना कशाला सांगायचं?" मी विचारलं.

"त्यांनाही दिलाय ना संच. सगळ्या मजल्यांवर. तुला माहीत नाही?"

सगळ्या मजल्यांवरचे सगळे डॉक्टर, आम्ही दुरुस्त करून परत पाठवलेल्या रिपोर्टावर सही करताना आधी एफ नाइन दाबणारे. मजकूर खाली उमटणार, त्याकडे न बघता ते शिवी घालणार आणि एफ ट्वेल्व्ह दाबणार. गेला रिपोर्ट. सहीशिक्क्यासह पेशंटच्या फाइलीत, कायमचा.

काढून टाकायचं तर संगणक विभागाचा अर्ज. त्यात रकाना: 'शॉर्टकट काढण्याचं कारण.' आता काय लिहू? मी तो अर्ज पाचदा उघडला आणि पाचदा बंद केला. फोन वाजला की माझा जीव जायचा. हाल्डोर म्हणाले, वायरलेसवर गोंधळ झाला की सगळ्यात आधी गप्प बसायचं. ओरेस्ट म्हणाला, जाऊन सांग. त्याने एकदा पंचेचाळीस प्रवाशांसकट बस चुकीच्या पुलावरून नेली होती, आपणहून सांगितलं, एका आठवड्याच्या निलंबनावर भागलं. फिलिस म्हणाली, "तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे. दहा महिने उरलेत तुझे. माझे अकरा, आजारपणाची रजा धरून." मी पाच आठवडे गप्प बसले. कुणाचाच फोन आला नाही.

त्या न येणाऱ्या फोननेच मला खाल्लं. कुणाची तरी आई आपला रिपोर्ट हातात घेऊन बसली असेल आणि शेवटी माझं ते वाक्य वाचत असेल, असं मला जेवताना दिसायचं. दुसरंही होतं, ते आता कबूल करते. कुठला तरी डॉक्टर ते वाचून लाजला असेल का, हे मला जाणून घ्यायचं होतं. शेवटी एका मंगळवारी मी कँडेसला वेळ मागितली आणि सगळं सांगून टाकलं. एफ नाइन, दोनदा दाबायची युक्ती, बोटांची सवय, सगळं.

ती रागावेल म्हणून मी तयार होते. ती रागावली नाही. तिने काहीतरी शोधलं, बराच वेळ वाचत राहिली.

"तेराशे सोळा रिपोर्टांत आहे," ती म्हणाली.

"आणि तक्रारी?"

"एकही नाही."

"डॉक्टरांकडून?"

"कुणाकडूनच नाही, वर्ना." मग ती थोडी पुढे झुकली. "तुम्ही हे आपणहून सांगितलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. वरून मला किती महिने एकच विचारतायत, की ही दुरुस्तीची पायरी खरंच लागते का. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं."

मला कळायला वेळ लागला: रिपोर्टाखाली काहीही असलं तरी कुणी वाचत नाही, मग ते दुरुस्त करायला आम्ही कशाला हव्या. मी तिला विचारलं की निदान ते एफ नाइन तरी आता काढणार ना. ती म्हणाली, त्यासाठी अर्ज करावा लागेल, पण कुणाला त्रास होत नाहीये म्हटल्यावर तो रांगेत मागे राहील.

तीन आठवड्यांनी सहाहीजणींना पत्रं आली. दुरुस्ती विभाग वसंतात बंद. डॉक्टर आपले रिपोर्ट आपणच तपासतील, त्यासाठी त्यांच्याकडे आता उत्तम साधनं आहेत, असं त्यात म्हटलं होतं, आणि साधनांचं नाव दिलं होतं. माझं. पत्र हातात पडलं तेव्हा माझे आठ महिने उरले होते. मी आमच्या कामगार संघटनेला फोन केला, त्यांनी सहानुभूती दाखवली आणि एक अर्ज पाठवला.

फिलिसने फोन उचलायचं बंद केलं. मी एकदा तिच्या दारापर्यंत गेले. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही.

"सगळा जन्म लोकांचं बोलणं लिहिण्यात गेला तुझा," ती म्हणाली. "स्वतः एकदा बोललीस, ती हे?"

परत येताना बसमध्ये मला चार उत्तरं सुचली, पण ती सगळी अर्ध्या भांडणातली होती.

मागच्या महिन्यात मनगटं दाखवायला प्रेंडरगास्टकडे गेले. पट्ट्या निघाल्या आहेत, पण बरणीचं झाकण अजून ओरेस्टच उघडतो. डॉक्टरांनी दोन्ही मनगटं दाबून पाहिली, दुखतं का विचारलं, मी दुखतं म्हणाले. मग ते मफिनचा तुकडा तोंडात टाकून माइककडे वळले आणि माझ्यासमोरच बोलू लागले. पडदा अर्धवट माझ्याकडे होता. सवय जाते थोडीच. मी वाचू लागले. पेशंट व्हेरा स्टेलमाख, वय एकोणसाठ. दोन्ही गुडघ्यांमध्ये वेदना कायम. त्यांनी एफ नाइन दाबलं. खाली माझा मजकूर उमटला, अगदी माझ्या स्वल्पविरामांसकट.

"डॉक्टर," मी म्हणाले, "त्या शेवटच्या ओळी वाचता का जरा?"

त्यांनी पडद्याकडे नजर टाकली. टाकली, हे मी स्वतः पाहिलं.

"ते होय? तो ठरलेला मजकूर असतो," ते म्हणाले, "आपोआप येतो." आणि त्यांनी एफ ट्वेल्व्ह दाबलं.

छापून आलेला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. गुडघ्यांचे सहा व्यायाम, रोज सकाळी, दहा-दहा वेळा. मी ते नेमाने करते. गुडघे माझे उत्तम आहेत.